लहान मुलांना स्वतःच्या कर्करोगाबद्दल काय आणि किती सांगावे?

कागदी_होडी (धागाकर्ती), सोमवार, रात्री ११.४०

मी एकोणचाळीस वर्षांची आहे. मला दोन मुले आहेत. मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी साडेतीन वर्षांची. गेल्या आठवड्यात बायोप्सीचा अहवाल आला आणि स्तनाच्या कर्करोगाचे निदान पक्के झाले. आजार काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असल्याने आधी केमो, मग शस्त्रक्रिया आणि शेवटी रेडिएशन असा क्रम ठरला आहे. पहिली केमो आठ दिवसांवर आली आहे.

उपचारांविषयी विचारायला माझ्याकडे डॉक्टर आहेत, म्हणून तो विषय येथे काढत नाही. माझा प्रश्न मुलांचा आहे. सासूबाईंचे म्हणणे असे, की एवढ्याशा जिवांना काही सांगू नये, ‘आईला जरा बरे नाही’ एवढे पुरे. नवऱ्याचे मत दर दोन दिवसांनी बदलते. मला स्वतःला खोटे बोलायचे नाही, पण खरे सांगायला बसले की पहिल्या वाक्यानंतरचे दुसरे वाक्य सापडत नाही. काल मुलाने माझ्या छातीवरची पट्टी पाहिली आणि ‘तू पडलीस का?’ असे विचारले. मी ‘हो’ म्हणाले. त्या ‘हो’ने मला रात्रभर झोपू दिले नाही.

घरात लहान मुले असताना ज्यांनी हे आजारपण काढले आहे त्यांनी कृपया लिहावे. ‘कर्करोग’ हा शब्द मुलांसमोर उच्चारावा का? आणि ‘तू मरणार आहेस का’ असे मुलाने विचारलेच, तर काय उत्तर द्यावे?

क्षितिजा, मंगळवार, सकाळी ७.१५

त्या ‘हो’चे ओझे घेऊ नका, तो खोडता येतो. ‘परवा मी तुला नीट सांगितले नव्हते, आता सांगते’ असे म्हटले तर मुले मोठ्या माणसांपेक्षा सहज माफ करतात.

शब्दाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: उच्चारावा. चार वर्षांपूर्वी मला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. आम्हीही सुरुवातीला ‘आई आजारी आहे’ यावरच भागवले. पुढच्याच महिन्यात तिला सर्दी-ताप आला, आणि ‘आता माझ्याही पोटाला टाके घालणार का’ असे विचारत ती रात्रभर जागी राहिली. ‘आजारी’ हा शब्द तिच्याही वाट्याला अधूनमधून येणारा होता. ‘कर्करोग’ हा शब्द, ज्याला आपण एवढे घाबरतो, तिच्यासाठी अगदी कोरा होता, आणि म्हणूनच तो तिच्या सर्दीपासून वेगळा ठेवता आला.

एक गंमतही सांगते. ‘आईच्या पोटात गाठ झाली आहे’ असे मी तिला समजावले. त्या दिवसांत ती बुटाची नाडी बांधायला शिकत होती. तिने शांतपणे सुचवले, ‘मग सोडव ना.’ ही हाताने सुटत नाही, डॉक्टर कापून काढतात, असे मी म्हणाले, तर ‘नाडी कापली तर बाई रागावतात’ असे उत्तर मिळाले. तेव्हा ‘गाठ’ म्हणताना ती कोणती, हेही सांगावे.

आजोबा_दोघांचे, मंगळवार, दुपारी २.०५

माझे मत वेगळे आहे आणि ते येथे फारसे रुचणार नाही याची कल्पना आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या सुनेला रक्ताचा कर्करोग झाला. नातवंडे तेव्हा चार आणि सहा वर्षांची होती. आम्ही त्यांना काहीही सांगितले नाही. ती खेळली, शाळेत गेली, रोज गोष्ट ऐकून झोपली. सून आज बरी आहे आणि मुलांना त्या वर्षातले फारसे आठवतही नाही. जे संकट टळले त्याची भीती त्यांच्या मनात आधीच कशासाठी पेरायची? पुष्कळदा मोठ्यांना आपले मन हलके करायचे असते म्हणून मुलांना सांगितले जाते, असे मी पाहिले आहे. आणि सासूबाईंना जुन्या वळणाच्या म्हणून बाजूला सारू नका. तुम्ही रुग्णालयात असाल त्या रात्री मुलांपाशी त्याच असणार आहेत.

जुनी_वही, मंगळवार, रात्री १०.३०

आजोबांना आदरपूर्वक लिहितो, कारण मी तुमच्या नातवंडांच्या जागी होतो.

मी आठ वर्षांचा असताना आईला गर्भाशयाचा कर्करोग झाला. मला कुणी काही सांगितले नाही. मी खोलीत शिरलो की मोठ्यांचे बोलणे थांबायचे आणि कुणीतरी घाईघाईने माझ्या अभ्यासाची चौकशी करायचे. आजही चार माणसांच्या गप्पा अचानक थांबल्या की माझ्या पोटात गोळा येतो. आई रुग्णालयात गेली त्याच्या आदल्या आठवड्यात मी घरात चेंडू खेळत होतो आणि तो तिच्या पोटाला जोरात लागला होता. ती कळवळून खाली बसली होती. पुढे तिच्या पोटाचेच ऑपरेशन झाले. मी हिशोब केला. तो हिशोब मी कुणाला दाखवला नाही, त्यामुळे तो चुकला आहे हे मला कुणी सांगू शकले नाही. आई बरी झाली, आजही आहे. वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी तिला हे बोलून दाखवले तेव्हा तिला तो चेंडू आठवतही नव्हता.

मुलांना आठवत नाही असे मोठ्यांना वाटते. मला त्या वर्षीच्या पडद्यांचा रंगसुद्धा आठवतो.

कागदी_होडी, शब्द कोणता वापरायचा ते तुम्ही ठरवा, पण ‘हे तुझ्यामुळे झालेले नाही’ हे वाक्य मुलाने विचारण्याची वाट न पाहता सांगा. तो विचारणार नाही. मी विचारले नव्हते.

तीनचाकी, मंगळवार, रात्री ११.१०

‘मी हिशोब केला’ हे वाचले आणि उठून झोपलेल्या मुलाच्या उशाशी जाऊन बसले. सध्या एवढेच लिहिते.

पांढरे_बूट, बुधवार, सकाळी ६.५०

मी वीस वर्षे कर्करोग विभागात परिचारिका आहे. मनाची बाजू इतरांनी चांगली मांडली आहे, म्हणून मी घरातली बाजू लिहिते. अर्थात अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

बहुतेक प्रकारच्या केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान रक्तातल्या, संसर्ग रोखणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत मुलांचे शिंकणे-खोकणे मनावर घ्यावे, पण म्हणून मुलांना दुसऱ्या घरी पाठवण्याची सहसा गरज नसते. शाळेतून आल्याबरोबर साबणाने हात धुणे, हा नियम सगळ्या घराने पाळला तर मुलांना तो शिक्षेसारखा वाटत नाही. तुम्हाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर मात्र तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा. मुलांना त्या वेळी कोण सांभाळणार हे आजच ठरवून ठेवा, कारण असा ताप सोयीची वेळ बघून येत नाही. वर्गात कांजिण्यांची साथ आली आणि तुमचा संपर्क झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मुलांच्या बहुतेक लसी ठरल्याप्रमाणे चालू ठेवता येतात. तोंडावाटे देण्याचा पोलिओचा डोस तेवढा अशा घरात टाळतात आणि त्याऐवजी इंजेक्शन देतात. म्हणून लस देण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना तुमच्या उपचारांची कल्पना द्या.

मुलांना जवळ घ्या, पापे घ्या, कुशीत झोपवा. केमोने त्यात अडथळा येत नाही. औषधाचा अंश पहिले दोन-तीन दिवस लघवीतून आणि उलटीतून बाहेर पडतो, म्हणून त्या काळात शौचालयाचे झाकण लावून दोनदा पाणी सोडावे आणि साफसफाई हातमोजे घालून करावी. गोळ्या कुलपात ठेवाव्यात. कपाटाच्या वरच्या फळीवर म्हणजे सुरक्षित, हा समज मुलांना खुर्ची ओढता येईपर्यंतच खरा असतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. उलट्या होऊ नयेत म्हणून केमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने दोन-तीन दिवस झोप उडते आणि चिडचिड होते. मुलांना आधीच सांगून ठेवा की या दिवसांत आई रागावली तर तो औषधाचा राग आहे.

रात्रपाळी, बुधवार, सकाळी ९.२०

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. आमच्या घरी त्याला ‘गोळीचा राग’ असे नाव पडले होते. मी ओरडले की मुलगा आधी विचारायचा, ‘हा गोळीचा आहे की खरा?’ गोळीचा असला तर तो जागेवरून हलत नसे. मीही काही वेळा माझा अगदी अस्सल राग गोळीच्या नावावर खपवला, हे येथे कबूल करते.

पाटीपेन्सिल, बुधवार, रात्री ९.४५

मी लहान मुलांची समुपदेशक आहे. ‘जुनी_वही’ यांचा अनुभव अपवादात्मक नाही. दोन ते सात वर्षांच्या मुलांच्या विचारपद्धतीचे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी वर्णन केले आहे, त्यात मूल स्वतःलाच घटनांच्या केंद्रस्थानी धरते. माझ्या मनात आले म्हणून ते घडले, मी तसे वागलो म्हणून असे झाले. घरात मौन असेल तर मूल रिकामी जागा स्वतःच भरते, आणि त्या जागेत बहुधा ते स्वतःच गुन्हेगार असते. म्हणून तीन गोष्टी वारंवार सांगाव्यात: हे तुझ्यामुळे झाले नाही, जवळ बसल्याने हे तुला लागत नाही, आणि मला बरे करणे हे तुझे काम नाही. तिसरी गोष्ट शहाण्या, गुणी मुलांसाठी फार महत्त्वाची असते. ‘आईला त्रास देऊ नकोस, म्हणजे ती लवकर बरी होईल’ असे कुणी प्रेमानेही म्हणू नये, कारण आईचा पुढचा अहवाल वाईट आला तर त्याचा दोष मूल कुठे ठेवेल?

आता मृत्यूच्या प्रश्नाकडे येते. मारिया नॅगी यांनी बुडापेस्टमधल्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या आतली मुले मृत्यूकडे तात्पुरत्या दूर जाण्यासारखे पाहतात, असे त्यांना आढळले. गेलेला माणूस परत येतो, अशी त्यांची समजूत असते. नंतरच्या अभ्यासांत मृत्यूची पक्की समज येण्याचे वय थोडे आधीचे ठरले आहे, पण तुमच्या मुलीला आणि मुलाला एकच वाक्य दोन वेगळ्या अर्थांनी ऐकू येणार, हे गृहीत धरा. मुलाने विचारले तर लगेच उत्तर देऊ नका. ‘तुला असे का वाटले?’ हे आधी विचारा. पुष्कळदा प्रश्नामागे कुणाचे तरी ऐकलेले अर्धवट वाक्य असते. मग सांगा, की काही माणसे या आजाराने मरतात, पुष्कळजण बरी होतात, माझ्यासाठी चांगली औषधे आहेत, आणि यात काही बदल झाला तर मी तुला स्वतः सांगेन. ‘मी कधीच मरणार नाही’ असे वचन देऊ नका. ‘मी तुला सांगेन’ हे वचन पाळणे आपल्या हातात असते.

आजोबांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. आपले मन मोकळे करण्यासाठी मुलांचा वापर होऊ नये. त्यासाठी मोठी माणसे शोधावीत. शिवाय वर्गशिक्षिकेला जरूर कळवा. मूल घरात रडत नाही आणि शाळेत खोडरबरावरून मारामारी करते, असे मी फार वेळा पाहिले आहे.

दोन_मीटर, गुरुवार, दुपारी १.३०

मला थायरॉइडचा कर्करोग झाला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीन दिले. त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, सुमारे आठ दिवसांचा असतो, म्हणून घरी आल्यावरही काही दिवस लहान मुलांपासून लांब राहा, एका अंथरुणात झोपू नका, अशी सूचना मिळाली. बाहेरून यंत्राने दिल्या जाणाऱ्या रेडिएशनचे तसे नसते, हे धागाकर्तींसाठी मुद्दाम लिहितो. ते घेऊन आल्यावर तुम्ही मुलीला लगेच कुशीत घेऊ शकता. माझे मात्र लांब राहणे अपरिहार्य होते.

आम्ही फरशीवर खडूने रेघ मारली आणि पट्टीने मोजून दाखवली. रेघेच्या पलीकडे ती, अलीकडे मी. ती तिथे बसून चित्रे काढायची आणि माझ्याकडे सरकवायची. पाचव्या दिवशी पाहिले तर रेघ बोटभर माझ्याकडे सरकली होती. ती रोज ओल्या बोटाने जुनी पुसून नवी ओढत होती. ओरडायला तोंड उघडले आणि ओरडता आले नाही.

सहा महिन्यांनी कशावरून तरी मी तिला रागावलो, तर तिने मला बजावले, ‘आता तू दोन मीटर लांब राहायचंस.’ हे सदस्यनाव तिचेच देणे आहे.

आनंदयात्री_५, गुरुवार, संध्याकाळी ६.००

ताई, मन खंबीर ठेवा. सकारात्मक राहिलात तर तुम्ही ही लढाई नक्की जिंकाल. मुलांनाही सांगा, आमची आई योद्धा आहे.

उरलेला_अर्धा, गुरुवार, रात्री ११.५५

आपला हेतू चांगला आहे हे जाणून लिहितो, आणि धागाकर्तींनी पुढचे वाचायचे की नाही हे ठरवावे, कारण माझी पत्नी या आजारातून उठली नाही.

आम्हीही मुलाला हेच सांगितले होते. आई शूर आहे, आई लढते आहे, आई जिंकणार. तो सहा वर्षांचा होता आणि त्याला लढाईचे नियम पक्के ठाऊक होते. चांगला नीट लढतो आणि जिंकतो. ती गेल्यावर तेराव्या-चौदाव्या दिवशी त्याने मला विचारले, ‘आईने नीट लढाई केली नाही का?’ तिने किती सोसले ते मी पाहिले होते, आणि तिच्या मुलाच्या मनात ती कमी पडलेली होती, ती आमच्याच शब्दांमुळे. १९७१ साली अमेरिकेत कर्करोगाविषयीचा राष्ट्रीय कायदा झाला तेव्हापासून ‘कर्करोगाविरुद्धचे युद्ध’ ही भाषा जगभर रुळली. ती निधी उभारायला उपयोगी असेल, पण मुलाच्या अंथरुणाशी बसून ती वापरू नये. पेशी वेड्यावाकड्या वाढतात आणि औषध त्यांना थांबवू पाहते. कधी थांबवते, कधी नाही. त्यात माणसाच्या शौर्याचा काही भाग नसतो.

दुसरी चूक नातेवाइकांनी केली आणि मी अडवली नाही. ‘आई झोपली आहे’ असे त्याला सांगण्यात आले. पुढचे पाच महिने तो झोपायला तयार नव्हता, आणि मी डोळे मिटले की तो ते बोटांनी उघडत असे. शेवटच्या आठवड्यात त्याला रुग्णालयात नेले नाही, तेही चुकले असे आता वाटते.

हे लिहिण्याचा हेतू घाबरवण्याचा नाही. तुम्ही बऱ्या व्हाल असे मला मनापासून वाटते. पण बऱ्या होणाऱ्या आईने वापरलेले शब्दसुद्धा असे असावेत, की उद्या काहीही झाले तरी ते मुलाच्या अंगावर येऊ नयेत.

कागदी_होडी, शुक्रवार, पहाटे ५.१०

‘उरलेला_अर्धा’, मी वाचले. दोनदा वाचले. तुम्ही लिहिलेत ते बरे केले.

आनंदयात्री, राग मानू नये, पण खंबीर राहण्याचे काम आधीच माझ्या अंगावर पुष्कळ आहे. घरात, फोनवर, लिफ्टमध्ये, सगळीकडे ते करावे लागते. मुलांसमोर तरी मला साधी आई राहू द्या.

चौथा_टप्पा, शुक्रवार, दुपारी ३.४०

मी या धाग्यावर थोडी वेगळी आहे. मी कधी धूम्रपान केले नाही, तरी मला फुप्फुसाचा कर्करोग झाला, आणि कळला तेव्हाच तो हाडांमध्ये पसरलेला होता. जनुकबदलावर काम करणाऱ्या गोळ्यांवर मी गेली चार वर्षे जगते आहे. एकदा औषध बदलावे लागले. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता, आता सहा वर्षांचा आहे. ‘उपचार संपले की आई बरी होईल’ हे वाक्य मला कधी वापरता आले नाही, कारण माझे उपचार संपत नाहीत. त्याला मी सांगितले आहे, की हा आजार माझ्या अंगातून जाणार नाही, गोळ्या त्याला झोपवून ठेवतात आणि दर तीन महिन्यांनी फोटो काढून डॉक्टर तो जागा झाला का ते पाहतात. (वरचा ‘झोपली’चा इशारा वाचल्यावर हा ‘झोपवून’ शब्द आजपासून बदलते आहे. ‘थोपवून’ बरा.)

डॉक्टरांनी ‘पॅलिएटिव्ह’ (वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा) हा शब्द काढला तेव्हा मला वाटले की आता आवराआवर सुरू झाली. तसे नसते. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात सुरुवातीपासून ही सेवा जोडलेल्या रुग्णांचे जगणे अधिक सुसह्य झाले आणि ते सरासरीने अधिक काळ जगले; मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, ८.९ ऐवजी ११.६ महिने होता. माझ्यापुरता उपयोग असा, की वेदना आटोक्यात आल्याने मी पुन्हा मुलाबरोबर जमिनीवर बसून खेळू लागले. तो मला हरवतो आणि मी मुद्दाम हरले असे त्याला वाटते. मी मुद्दाम हरत नाही.

मला सर्वांनी सुचवले की त्याच्या प्रत्येक वाढदिवसासाठी पत्र लिहून ठेव. मी सातव्यापासून अकराव्यापर्यंत लिहिली आणि थांबले. सोळा वर्षांच्या मुलाला मी ओळखत नाही. त्याच्या त्या दिवशी माझे जुने पत्र येऊन काय आज्ञा करणार? त्याऐवजी एक वही केली आहे, त्यात तो आज काय बोलला ते लिहिते. ज्यांना पत्रे लिहून बरे वाटते त्यांनी जरूर लिहावीत.

क्षितिजा, शुक्रवार, रात्री ८.१५

पत्रांबद्दल मी असहमत आहे. माझ्या मावशीने तिच्या मुलीसाठी एकच पत्र ठेवले होते, आणि ती आज पन्नाशीची मुलगी ते अजून जपून ठेवते. पण वहीची कल्पना मी उचलते आहे.

तीनचाकी, शनिवार, सकाळी १०.००

एक प्रश्न मनात घोळतो आहे. ‘हे तुला लागत नाही’ असे आपण मुलांना सांगतो, पण आनुवंशिकतेचे काय?

पांढरे_बूट, शनिवार, दुपारी १२.३०

प्रश्न योग्य आहे. शंभर कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० आनुवंशिक जनुकदोषामुळे होतात, बाकीचे नाही. ज्यांतल्या दोषाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो ती बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके अनुक्रमे १९९४ आणि १९९५ साली ओळखली गेली. आईत किंवा वडिलांत असा दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते, मग मुलगी असो वा मुलगा. पण त्याचे परिणाम मोठेपणी दिसणारे असल्याने लहान मुलांची ही चाचणी करत नाहीत. मूल सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवते. बालपणातच तपासावे लागणारे काही दुर्मीळ दोष वेगळे आहेत. तेव्हा साडेतीन वर्षांच्या मुलीला ‘लागत नाही’ असे सांगणे खोटे नाही.

आजोबा_दोघांचे, रविवार, सकाळी ८.००

सगळे प्रतिसाद वाचले. माझे मत पूर्ण बदललेले नाही. पण काल थोरल्या नातवाला सहज विचारले, की आई दवाखान्यात होती ते वर्ष तुला आठवते का. तो म्हणाला, ‘तुम्ही सगळे दार लावून बोलायचात ते ना?’ एवढे येथे नोंदवून ठेवतो.

कागदी_होडी, नऊ आठवड्यांनंतर, रात्री १०.२०

तीन केमो झाल्या. लिहायचे राहून जात होते.

पहिल्या केमोच्या आदल्या रविवारी आम्ही दोघांनी मुलांना सांगितले. सासूबाईही बसल्या होत्या. त्यांना न दुखावता त्यांच्याकडून एकच कबूल करून घेतले होते, की मुलांनी विचारले तर त्या आमचीच वाक्ये वापरतील. मी ‘कर्करोग’ म्हणाले. मुलाने तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. केमोच्या सहा सायकल (फेऱ्या) घ्याव्या लागतील, असे नवरा म्हणाला, तशी मुलगी रडू लागली, की आईला सहा सायकली आणि मला एकही नाही. सासूबाई हसल्या, मग आम्ही सगळेच हसलो, आणि ज्या क्षणाची मी आठ दिवस धास्ती घेतली होती तो असा निघून गेला.

मृत्यूचा प्रश्न तेव्हा आला नाही. तो तीन आठवड्यांनी, दिवा मालवल्यावर आला. ‘तुला असे का वाटले’ असे मी विचारले. वर्गातल्या एका मुलाने सांगितले होते. मग मी पाटीपेन्सिल यांची वाक्ये जवळपास जशीच्या तशी म्हणाले. तो बराच वेळ गप्प होता. मला वाटले रडतो आहे. मग त्याने विचारले, की मी दवाखान्यात असताना शाळेच्या वहीवर सही कोण करणार. ‘बाबा किंवा आजी’ म्हटल्यावर कूस बदलून तो झोपला. मी मात्र जागी राहिले.

केस अठराव्या दिवशी गेले. धाकटी माझे केस विंचरत होती आणि एक बट कंगव्याबरोबर तिच्या हातात आली. तिला वाटले तिनेच तोडली. तिने ती माझ्या डोक्यावर ठेवली आणि चिकटावी म्हणून तळव्याने दाबून धरली, अगदी श्वास रोखून. ‘हे तुझ्यामुळे झालेले नाही’ हे वाक्य तिच्या बाबतीत मला पहिल्यांदा वापरावे लागले ते तिथे. ‘जुनी_वही’, तुमचे आभार मानायचे होते.

आणि तो ‘हो’. तोही खोडला. मी मुलाला म्हणाले, की त्या दिवशी तू पट्टीबद्दल विचारलेस तेव्हा मी पडले म्हणाले, पण मी पडले नव्हते. तो चित्र रंगवत होता, त्याने मान वर केली नाही. म्हणाला, ‘मला माहीत होतं. पडल्यावर तिथे लागत नाही, गुडघ्याला लागतं.’

आता पुढचा प्रश्न. उरलेल्या तीन केमो झाल्या की शस्त्रक्रिया आहे, आणि त्यानंतर काही आठवडे काहीही जड उचलायचे नाही. धाकटी दिवसातून वीस वेळा कडेवर येते. ज्यांनी हे केले आहे त्यांनी मुलांना काय सांगितलेत?

रात्रपाळी, नऊ आठवड्यांनंतर, रात्री ११.०५

सांगण्याआधी तिला आत्तापासून सवय लावा. तुम्ही खाली बसा आणि डावी-उजवी बाजू तिला ठरवून द्या. चढणे ती स्वतः करते.